वाघदेवाचं तोंड

धनेश,

इटलीतलं डोंगरावरचं एक गाव आठ दिवस पाहून आलास आणि डोळखांबला डोंगराखाली तसलंच रिसॉर्ट बांधलंस. दगडी गल्ल्या काय, लाल कौलं काय! आपल्या घराची कौलं उतरवून पत्रे तूच टाकलेस ना रे?

"तिथले लोक वारसा जपतात," असं पाड्यावर येऊन आमाला शिकवलंस. मग ते लोक शिवेवरचा देव उपटून हॉटेलच्या दारात ठेवतात का, तू आपला लाकडी वाघदेव नेऊन ठेवलास तसा? वाघ गावात येऊ नये म्हणून तो रानाकडे तोंड करून उभा असायचा. तू त्याला पाहुण्यांकडे वळवलंस, कारण फोटो चांगला येतो. एवढंही तुला ठाऊक नाय आणि वारशाच्या गोष्टी सांगतोस.

हे पत्र मी टाकणार नाय. तू तेही फ्रेम करून भिंतीवर लावशील.

वाघबारशीला भगताने शिवेवर नवा वाघदेव बसवला. तोंड रानाकडेच ना, असं त्याने विचारलं. नाय, असं सगळा पाडा एकदम बोलला. आता तो तुझ्या रिसॉर्टकडे बघत उभा आहे.

नावापुरती तुझी बहीण,
रुपा