अभिषेकाचे चित्र आणि माझा उजवा खांदा

किहीम,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांचे चरणी,

किहीमहून महादेवाचा नमस्कार. दर पत्रात साष्टांग लिहितो, पण या खेपेस उजवा हात खांद्यापासून धरला आहे. तो वरही जात नाही आणि जमिनीलाही टेकत नाही, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचा समजून गोड मानून घ्यावा. (अक्षरही त्यामुळेच असे आहे. कोपराखाली उशी घेऊन लिहितो आहे.) आपला मधुमेह आणि गोदूअक्काचा दमा कसा आहे ते सविस्तर कळवावे. पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा पाठवल्या होत्या, त्या पोचल्या असतील. इकडे सौ. अनुसूया बरी आहे, जरुरीपेक्षा अंमळ जास्तच बरी आहे, आणि आपली कन्या चि. कुमुद सुखरूप आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचा मजकूर वाचून आपल्याला काळजी वाटेल. ती माझी वाटू द्यावी.

मला जो धक्का बसला आहे तो पत्रात मावणारा नाही, तरी क्रमाने सांगतो. कुमुद मुंबईहून चित्रकलेच्या शाळेची सुट्टी घालवायला आली ती रंगांची पेटी, कापडाच्या गुंडाळ्या आणि एक तिपाई घेऊन. आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली की मामा, तुमच्या वाचनालयात चित्रांचे प्रदर्शन भरवू आणि जोडीला एक व्याख्यान ठेवू. विषय, माणसाने माणसाशी कसे वागावे. मी तात्काळ रुकार दिला. वाचनालयाचा अध्यक्ष मी (अकरा वर्षे बिनविरोध, कारण अध्यक्षांची खुर्ची माझ्या घरची आहे), आणि मी सुधारक आहे हे आपण जाणताच. महाडास तळ्याचे पाणी प्यायल्यावरून माणसांना मारहाण झाली तेव्हा आमच्या वाचनालयाने दोन ओळींचा निषेध केला होता, त्यातली दुसरी ओळ माझी. शिवाय नुसते बोलणारा मी नव्हे. आमच्या वाडीत पडलेल्या झावळ्या गोळा करायला महारवाड्यातली रंगू येते. दुपारी तिला तहान लागते. इतर वाडीवाले गड्याला पाठवतात किंवा ऐकू न आल्यासारखे करतात. मी स्वतः वामकुक्षीतून उठतो, रहाटापाशी जातो आणि माझ्या हाताने तिच्या ओंजळीत पाणी घालतो. बावीस वर्षे झाली, मी घरी असताना एकदाही खाडा नाही.

तर कुमुद म्हणाली, मामा, मुख्य चित्रात तुम्ही हवेत. रहाटापाशी कळशी वर धरून पाणी ओतताना. आता आपणच सांगावे, माझ्यासारख्या रोज रुद्र म्हणणाऱ्या माणसाने यातून काय समजायचे? मी समजलो की खाली शंकराची पिंडी येणार. मी लगेच पूजेचा तांबडा रेशमी मुकटा नेसलो, भस्माचे पट्टे ओढले आणि तांब्याची मोठी कळशी चिंचेने घासून घेतली. तीन आठवडे, रोज सकाळी आठ ते दहा, मी रहाटाशी हात वर करून उभा होतो. बैल फिरत होता, लोट्यांतून पाणी पन्हळात पडत होते, पाटाने माडांना जात होते आणि मी मनात रुद्राची आवर्तने मोजत होतो. कुमुद सारखी म्हणे, मामा, कळशी अजून वर, नेहमी धरता तशी. अभिषेक इतक्या उंचावरून करत नाहीत हे मला ठाऊक होते, पण म्हटले मुंबईची नवी पद्धत असेल. चित्राचा खालचा भाग ती दुपारी कुठेतरी जाऊन रंगवून येई. मला वाटे पिंडी काढायला देवळात जाते. तिसऱ्या आठवड्यात खांदा इतका भरून आला की कळशी आपोआप वीतभर खाली आली. कुमुदने तशीच काढली. मोजणी खात्यात जन्म घालवलेला मी, माझ्या ही चूक लगेच ध्यानात आली, पण पिंडीला वीतभराने काय होते म्हणून बोललो नाही.

प्रदर्शनाचा दिवस आला. वाचनालयाच्या दारावर फळा लावला, "सर्वांस प्रवेश मोकळा." अक्षर माझे. (सर्वांस म्हणजे नेहमीच्या सर्वांस, हे काय लिहायला लागते?) आत भिंतींवर कुमुदने कोळशाने काढलेली चित्रे होती, परदेशी मासिकातल्या फोटोंवरून. भाऊसाहेब, अमेरिकेत काय चालले आहे याची मला कल्पना नव्हती. एका भिंतीवर दोन नळ, शेजारी शेजारी. एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. गोऱ्यांचा चकचकीत, काळ्यांचा गंजका, आणि त्यापुढे एक काळी बाई मूल कडेवर घेऊन उभी. अध्यक्षीय भाषणात मी ठरवलेले सगळे बाजूला ठेवून अमेरिकेवर घसरलो. म्हटले, पाणी ही देवाची देणगी, तहान ही सर्वांना सारखी. ज्यांना आपल्यासारख्या माणसाला सरळ हाताने पाणी देता येत नाही त्यांनी आरशात स्वतःचे तोंड पाहावे. टाळ्या पडल्या. तुळशीराम नाखवा होडीचे काम टाकून आला होता, त्याने तर शीळ घातली. आणि त्याच आवेशात मी वळलो आणि मुख्य चित्रावरचा पडदा माझ्या हाताने ओढला.

पिंडी नव्हती.

पिंडीच्या जागी रंगू होती, गुडघ्यात वाकलेली, ओंजळ तोंडाशी धरलेली, मान वर. वर मुकटा नेसून, भस्म लावून, कळशी उंच धरून मी. तोंडावर अशी शांतता की जणू कैलासच समोर आहे. (ती शांतता रुद्राची होती हो.) बाजूने पाट भरून चालला आहे आणि माड पोटभर पाणी पितात. चित्राखाली नाव होते "दीड हात", आणि ते कळशीपासून ओंजळीपर्यंतचे अंतर होते. अनुसूया बायकांतून पुढे आली, पदर सावरून चित्र नीट न्याहाळले आणि म्हणाली, "हुबेहूब आहेत. शिंतोडा उडू नये म्हणून करंगळीसुद्धा तशीच वर धरलीय." तुळशीराम खाली मान घालून खोकत होता, पण त्याला खोकला नाही हे मला माहीत आहे.

इतके झाले ते पुरे होते असे आपल्याला वाटेल. पण दाराशी गलबला झाला. फळा वाचून रंगू आली होती. (तिला वाचता येत नाही. तुळशीरामाने वाचून दाखवला, हे मागाहून कळले.) कार्यकारिणीतले दोघे दार अडवायला उठले, कुमुदने त्यांना माझा फळा दाखवला आणि ते माझ्याकडे पाहू लागले. पाच मिनिटांपूर्वी अमेरिकेला जे बोललो ते अजून हवेत होते. रंगू आत आली आणि चित्रासमोर उभी राहिली. मला वाटले आता ही रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल, आणि खरे सांगतो, यातले काहीही झाले असते तर मला सोसले असते. तिने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ती कुमुदला म्हणाली, "बाय, ह्यात चूक हाय. बाबा कलशी इतकी खाली धरीत न्हाय." मग हाताने वीतभर वर दाखवले. "खरं पानी निम्मं कोपरावरनं भुईला जातं. ह्यातलं तोंडात तरी पडतंय. चित्रातला बाबा बरा हाय."

भाऊसाहेब, तीस वर्षे मी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि माझे माप कोणी चुकीचे ठरवले नाही. रंगूचे माप बरोबर होते. मी तिथून कसा निघालो आणि वाळूतून घरापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही. मला त्या दिवशी लाज वाटली. हे आजवर कोणाला बोललो नाही, आपल्याला लिहितो. तहानेने वाकलेल्या बाईची मान मी बावीस वर्षे वरून पाहिली, पण तिचे तोंड पहिल्यांदा पाहिले ते चित्रात.

आता मुद्द्याचे. कार्यकारिणीने चित्राबद्दल मला काही विचारले नाही, पण रंगू आत आली म्हणून वाचनालय धुवून काढले आणि माझ्याकडे अध्यक्षपदाचा राजीनामा मागितला. तो मी खुर्चीसकट दिला. त्याचे दुःख आहे, पण मोठे नाही. मोठे संकट असे की कुमुद हे चित्र ज्येष्ठात पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवते आहे. तिथे आपले सगळे स्नेही येणार. मोजणी खात्यातली माझी जुनी मंडळी येणार. त्यांच्यापुढे मी मुकटा नेसून करंगळी वर करून उभा राहणार, तेही भाषणाशिवाय. मी तिला परोपरीने सांगितले. ती म्हणते, मामा, ज्याने पडदा ओढला त्यानेच आता झाकायला सांगू नये. तेव्हा आपण वडील या नात्याने तिला खडसावून पत्र लिहावे आणि चित्र किहीमलाच ठेवायला सांगावे. एवढे कराल तर जन्माचा ऋणी राहीन. गोदूअक्कास नमस्कार.

आपला,
महादेव

ता. क. पत्र दोन दिवस टपालात पडले नाही, त्यामुळे वरची विनंती तूर्त रद्द समजावी. मला एक तोड सुचली. चित्रात दाखवलेली गोष्ट मुळात घडतच नसेल तर चित्र खोटे ठरते, आणि खोटे चित्र कोण लावतो? म्हणून काल सकाळी रंगूला सांगितले की आजपासून पोहरा तू घे आणि पाणी तुझे तू काढ. ती म्हणाली, "मी एकलीच न्हाय." आणि महारवाड्यातल्या अकरा बायका कळशा घेऊन आल्या. मी ओटीवरच्या खांबाला धरून पाहत होतो. अंतर मोजले, काही उरले नव्हते. शेजारच्या वाडीवाल्याने आमच्याशी बोलणे सोडले आहे आणि भटजींनी पुढच्या श्राद्धाला यायला जमणार नाही असे कळवले आहे. मी कुमुदला म्हटले की चित्र खुशाल पाठव, पण खाली माझ्या सहीची चिठ्ठी लाव, "ही हकीकत आता खरी राहिलेली नाही." तिने रंगूला विचारले. रंगू म्हणाली, "चिठी आत्ताच नको. येक उन्हाळा पुरा पानी भरू दे, मंग लाव." म्हणजे चित्र चिठ्ठीशिवायच येणार. आपण पाहायला जालच, तेव्हा जरा लांबून पाहावे.

ता. क. दुसरे. पत्र लिहायला बसलो ते खरे याचसाठी, पण विसरलो. खांद्याला चोळायला आपल्याकडच्या वैद्यांचे ते नारायण तेल एक बाटली पाठवावे. इथल्या वैद्यांनी आज येऊन हात तपासला. म्हणाले, हा एकदम धरलेला खांदा नव्हे, हात असा वर धरून किती काळ झाला? मी म्हटले, चित्रासाठी तीन आठवडे. रंगू विहिरीवर होती. पोहरा ओढता ओढता मागे न बघता म्हणाली, "बावीस वरसं."