मागच्या काचेवरचं नाव

१० ऑगस्ट, उमरी

हँडल हातात आलं! मागच्या डाव्या दाराचं, आतलं. माझ्या नाही, सासूबाईंच्या हातात. त्या आत अडकल्या, काच खाली होईना. हँडल काचेला लावून मला दाखवत काहीतरी बोलत होत्या. ऐकू येत नव्हतं, पण काय बोलत असतील ते कळत होतं. बाहेरून दार उघडलं तेव्हा शेवटचं तेवढं कानावर पडलं— "घे. तुझ्या बापानं दिलेलं हाय."

लग्नाला सव्वा वर्ष झालं. गाडीलाही तेवढंच.

फेविक्विक लावून हँडल बसवलं. दिसायला ठीक दिसतंय. ते दार आतून उघडायचं नाही, हे आता लक्षात ठेवायचं. हॉर्न आपोआप वाजला तर स्टिअरिंगवर बुक्की मारायची, पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, रिव्हर्स पडत नसला तर आधी पुढं घ्यायची. त्यात आणखी एक.

१२ ऑगस्ट

अप्पांचा फोन. त्यांची विचारायची रीत ठरलेली आहे. आधी गाडी, मग जावई, मग मी.

"गाडी कशी हाय?"

"मस्त आहे अप्पा."

"काय तरास?"

"काहीच नाही."

"हाव. मी वाजवूनच घेतली होती."

खरंच वाजवली होती. लातूरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पातेलं असो की परात, बोटाच्या पेरानं वाजवल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नाही. शोरूममध्ये गाडीचं दारही तसंच वाजवलं. सेल्समन हसला. आवाज रिकाम्या डब्याचा आला होता. अप्पांचा चेहरा क्षणभर उतरला, मी बघितलं. मग म्हणाले, "रंग चांगला हाय." त्यांच्या ऐपतीत बसणारी नवी गाडी तेवढी एकच होती.

रुद्रेशच्या घरच्यांनी मागितलं काहीच नव्हतं बरं का! "आम्हाला काय बी नको. पोरीला माहेरी ये-जा करायला बरं पडंल, एवढंच." एवढंच.

आई, आमची अव्वा, असती तर तिनं फोनवर माझ्या आवाजावरूनच ओळखलं असतं. अप्पांना भांड्याचा आवाज कळतो, माझा नाही.

१७ ऑगस्ट

आज बस स्टँडसमोर बंद पडली. बाजाराचा दिवस. ढकलायला माणसं पुष्कळ जमली, आणि ढकलायचं म्हणजे मागूनच. मागं काय लिहिलंय ते सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं:

"चि. सौ. कां. अंबिका हिस मल्लिनाथ उमाटे, भांड्यांचे व्यापारी, लातूर यांजकडून सप्रेम भेट."

अप्पांच्या दुकानातून लग्नाचं भांडं नाव घातल्याशिवाय बाहेर जात नाही. ठकठक करत स्वतः घालतात. अक्षर सुंदर आहे. मग एवढं मोठं आहेराचं भांडं बिननावाचं कसं जाईल! पेंटर बोलावून मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात घालून घेतलं, एकेक अक्षर शेजारी उभं राहून. तेव्हा मलाही छान वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

"भांड्याचा व्यापारी हाय व्हय! मग बरोबर हाय, डबाच दिलाय की," एक जण म्हणाला. सगळे हसले. रुद्रेशही हसला. तो हसला, ते जास्त लागलं.

१८ ऑगस्ट

दुपारी ब्लेड घेऊन अक्षरं खरवडायला गेले. "सप्रेम"चा स तेवढा निघाला. सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "असू दे की. कळू दे लोकांना कुणी दिलीय ते." ब्लेड ठेवून दिलं.

गाडीचं सगळं सुटून राहिलंय. अक्षरं तेवढी पक्की!

३ सप्टेंबर

नांदेडला सर्व्हिस सेंटर. एसीचं पाणी पायावर पडतं. "नॉर्मल आहे मॅडम." तिसरा गिअर सटकतो. "सवय होईल मॅडम." दाराखाली गंज आलाय. "तुमच्याकडं दमट हवा असेल." दमट! नांदेड जिल्ह्यात!

दिवसभर ठेवून घेतली. परत येताना हॉर्न आपोआप वाजला. म्हणजे काहीतरी नक्की केलंय, आधी तो एवढ्या जोरात वाजत नव्हता.

५ सप्टेंबर

जावेदकडं नेली. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. "ताई, खरं सांगू का? ह्या गाडीत एक नीट करायलो की दोन ढिल्लं व्हायलंय." रुद्रेश हल्ली मोटारसायकलच नेतो. "तुझी गाडी तू बघ." बघते.

२८ सप्टेंबर

माहूर. सातवी माळ. सासूबाईंना रेणुकेचं दर्शन घ्यायचं होतं. मी म्हटलं बसनं जाऊ. "दाराशी गाडी उभी असताना बसनं? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते त्यांना बाजारात ऐकू आलं नसावं.

घाटात तापली. काटा लालवर, बोनेटमधून वाफ. पाठीमागं गाड्यांची रांग लागली. यात्रेकरूंना वाचायला काहीतरी मिळालं. विदर्भाकडची एक बाई काचेजवळ येऊन सावकाश वाचत होती. तिनं मला विचारलं, "सप्रेमचा स कुठं गेला वं बाई?"

सासूबाई पायी वर गेल्या, परत येईपर्यंत बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त दम लागतो.

रुद्रेश आणि मी दगडावर बसून इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो. त्यानं हँडपंपावरून पाणी आणलं, एका बाटलीनं भागलं नाही, परत गेला. शर्ट काळा झाला होता. एकाएकी हसायला लागला. "अंबिका, देवीला काय मागायचं सांगू? म्हणावं, एकदा बिनढकलता घरी पोचव." मीही हसले. लग्नानंतर आम्ही दोघं एवढा वेळ नुसतेच असे बसलो नव्हतो.

मग म्हणाला, "तुझ्या अप्पाला सांगू नको. म्हाताऱ्याला लई लागंल."

ज्या तोंडानं टोमणे मारतो त्याच तोंडानं हे. काय म्हणावं या माणसाला!

२९ सप्टेंबर

सासूबाईंनी शेजारणीला सगळं घाटासकट सांगितलं. "भांडं बघून घ्यावं तसं घर बी बघून घ्यावं लागतं बाई." मी दुकानात होते, भिंतीपलीकडं. रुद्रेशच्या मेडिकलमध्ये माझं डी. फार्म.चं सर्टिफिकेट टांगलंय. दुकान माझ्या नावावर चालतं आणि मी बोलणी गाडीवरून खाते!

दमले. खरंच दमले.

२४ ऑक्टोबर, लातूर

दिवाळीला माहेरी. निघायच्या आधी जावेदनं बंपर आतून तारेनं बांधून दिला, गंजावर रंग मारला. पाण्याचे दोन कॅन डिकीत, गोधडीखाली. चाकूरला थांबून एकदा पाणी घातलं. पोचलो! अप्पा दुकानासमोर उभेच होते. आधी गाडीभोवती फिरले. स नव्हता ते त्यांना लगेच दिसलं. "धुताना गेला असंल," म्हणाले, "नवीन घालून देतो." आणि बोनेटवर पेरानं टकटक केलं. बंपर थरथरला, पण पडला नाही.

संध्याकाळी सिद्धेश्वराला गेलो. अप्पांना मागंच बसायचं होतं, त्याच डाव्या दाराशी! देवळापाशी गाडी थांबताच मी उडी मारून उतरले, वळसा घालून पळत गेले आणि बाहेरून दार उघडलं. शेजारच्या दुकानाचे धोंडप्पाकाका तिथंच होते. अप्पा त्यांना म्हणाले, "बघितलं का? पोरीनं दार उघडून दिलं. आज कलेक्टर केलं मला!"

परत निघताना तसंच. घरी पोचल्यावर तसंच. अप्पांचा चेहरा असा फुललेला मी अव्वा गेल्यापासून बघितला नव्हता.

"दीड वरीस होत आलं," धोंडप्पाकाकांना सांगत होते, "एक खिळा हलला न्हाई. काय जावईबापू?"

रुद्रेशनं माझ्याकडं बघितलं. "हाव," म्हणाला. आज मला तो आवडला.

निजताना महामायानं विचारलं, "अक्का, सारखं दार का उघडत होतीस?"

"वळण लागतं सासरी," म्हटलं. लहान बहिणीशीही खोटं.

९ नोव्हेंबर

बंपर पडला. उचलून डिकीत टाकला.

२१ नोव्हेंबर

महामायाचं ठरलं! निलंग्याचं घर. मुलगा शाळेत शिक्षक. अप्पांचा आवाज आनंदानं फाटत होता.

"माणसं चांगली हायत गं. काय बी नको म्हनले."

पुढचं काय येणार ते मला माहीत होतं.

"फक्त पोरीला ये-जा करायला बरं पडंल, एवढंच. म्हनलं, काळजीच करू नका. मोठीला दिली तीच धाकटीला. तुझी गाडी बघूनच ठरवलं की! तीस तारखेच्या रविवारी शोरूमला जाऊन पैसे भरून टाकतो. काच बी मोजून आणतो, नावाला."

फोन ठेवला.

मी सांगितलं होतं मस्त आहे. दर वेळी सांगितलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय केलं?

२२ नोव्हेंबर

अप्पांना फोन केला. "अप्पा, दुसरी एखादी बघा ना."

"येडी का काय! हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू? ही वाजवून बघितलेली हाय."

"तसं नाही, पण—"

"दुसऱ्या गाडीचा काय भरवसा? तुझीनं दीड वरीस दाखवलंय की."

बरं म्हणून फोन ठेवला. गाडी वाईट आहे असं म्हटलं की ते विचारणार, मग सासरचे काय म्हणतात? आणि ते मी त्यांना कसं सांगू? बाजारातला डबा सांगू, की काचेवरचं हँडल?

गाडी चांगली निघाली असती तर बोलणी बंद राहिली असती, असंही नाही. सासूबाईंना दुसरं काही सापडलं असतं. म्हणजे महामायाला कोणतीही दिली तरी तेच. हे मला आजच सुचलं असं नाही. आजवर बाजूला सारत आले.

२५ नोव्हेंबर

रविवार जवळ येतोय. रोज फोन हातात घेते, ठेवते. अप्पा पेंटरशी बोलून आले म्हणे. या वेळी निळी अक्षरं.

२८ नोव्हेंबर

महामायाचा फोन. "अक्का, मला तुझ्यासारखीच मिळणार!" किती खूश होती. मी म्हटलं, "हो गं." मग न्हाणीघरात जाऊन रडले. रडून झाल्यावर राग आला. आधी गाडीचा, मग अप्पांचा, मग माझा. माझा गेला नाही.

२९ नोव्हेंबर

रुद्रेशला सांगितलं, उद्या पहाटे लातूरला निघते. एकटी. त्याची मोटारसायकल नाही, माझी गाडी घेऊन.

"बसनं जा की."

"नाही. अप्पांना आणायचंय."

"कुठं?"

"रस्त्यात जिथं बंद पडंल तिथं."

तो नको म्हणाला नाही. उठून पाण्याचे कॅन डिकीत ठेवायला लागला. मी ते परत काढून ओट्यावर ठेवले.

३० नोव्हेंबर, रस्त्यावर

नांदेड गेलं. लोहा गेलं. अहमदपूर गेलं. बंद पडेना! हॉर्नसुद्धा वाजला नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडी सरळ चालत होती. मी तिला शिव्या देत होते, ऐनवेळी तू पण सासूबाईंच्या बाजूची काय!

चाकूरच्या थोडं अलीकडं काटा लालवर गेला. वाफ आली. बंद. गाडीनं आज माझी लाज राखली.

अप्पांना फोन केला. ते शोरूमच्या दारातच होते. "अप्पा, गाडी बंद पडलीय. नेहमी पडते. पहिल्यापासून. या." मग म्हणाले, "जागेवरच थांब. मी येतो."

गाडी ढकलून कडेला तिरपी लावलीय, मागची काच लातूरकडं. त्यांनी घालून घेतलेलं नाव त्यांना लांबूनच ओळखू येईल.