बाळीवेशीतलं हसू

साखर पेठ, सोलापूर
भाद्रपद

प्रिय वच्छला,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. "आप्पा, सायकलीचं मनातून काढून टाका. प्रसूतिगृहाची नोकरी मी घेत नाही, वैरागला भाऊजींकडे राहायला जाते," एवढंच. मिरजेला राहून सुईणीचं शिक्षण पुरं केलंस, परीक्षेत पहिली आलीस, आणि आता दिराच्या चुलीपुढं बसायला निघालीस. त्यावर मी पुढं लिहितो. आधी सायकलीचं, कारण ती घेऊन झाली आहे.

नव्या पेठेतला चनबसप्पा तुला माहीत आहे. त्याला सायकल विकता येते, कळत नाही. मी दुकानात पाय ठेवला तशी त्यानं एक चकचकीत वस्तू पुढं केली. तीन गिअर, चाकाला घासून पेटणारा दिवा, मुठींना रंगीत गोंडे, नवरदेवाच्या घोड्याला असतात तसले. "मालक, लेटेष्ट माल हाय बगा. चढाला पाय दुखायचे न्हाईत." मी विचारलं, तुझ्या सोलापुरात चढ कुठं आहे? तर म्हणतो, "नसंना का, गिअर तर हायत की." अशा माणसाशी पुढं काय बोलायचं? त्या गिअरांतला एखादा दर महिन्याला रुसणार, तू याच्या दारात उभी राहणार, आणि हा पानाची पिंक टाकून "सांजच्याला या, बाई" म्हणणार. कळा सुरू झालेली बाई सांजेपर्यंत थांबत नसते, हे त्याला कुणी सांगावं.

कोपऱ्यात पोत्याखाली एक दिसली. गिरणीतल्या गोऱ्या साहेबाची मडम विलायतेला परत जाताना टाकून गेलेली. काळी, जड, म्हशीसारखी शांत. पुढची दांडी खाली वळवलेली, म्हणजे लुगड्यानिशी चढता येतं. मागच्या चाकाला जाळी आहे, पदर अडकत नाही. साखळी पत्र्याच्या बंद पेटीत तेलात फिरते, तिला आपली काळी माती शिवत नाही. ब्रेक तारांचे नाहीत, लोखंडी सळ्यांचे. टायर असे जाड की बाभळीच्या काट्यानं लाजावं. हवा बघायची, वर्षाकाठी तेल बदलायचं, बाकी तिची काही मागणी नाही. चनबसप्पा हसला. "ती व्हय? ती बायकांची, मालक. आन् मुकी. काय सुदिक आवाज करत न्हाई." त्याला वाटलं तो तिची खोट सांगतोय. मी तिथल्या तिथं ती घेतली.

आवाजाचं तुला आठवत असेल. तू तिसरीत होतीस, माझ्या जुन्या सायकलीच्या नळीवर पाटी घेऊन बसायचीस, आणि शाळेपर्यंत आपण पुस्तकातल्या कविता म्हणत जायचो. भुजंगप्रयात पायडलाला कसं चपखल बसतं. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ, पुन्हा एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. आजकालच्या मास्तरांना वृत्त शिकवता येत नाही, कारण ते सगळे पायी चालतात. आपली साखळी प्रत्येक ओळीच्या शेवटी 'चुंई' करायची, आणि तुला वाटायचं ते कवितेतच आहे. वर्गात उभी राहून तू सगळी कविता चुंईसकट म्हटलीस. वर्ग लोटपोट हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं तू हसलीस. लोक हसले की मान खाली घालायची हे तुला नंतर कुणी शिकवलं? मी नाही.

गेल्या आठवड्यात तुझे दीर हिंदुराव आले होते, जरीचा फेटा घालून, जणू कुणाची सोयरीक जमवायला. "वैनी सायकलवर बसल्या तर आमच्या घराण्याचं काय ऱ्हायलं?" त्या घराण्याचं काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. माझा जावई तापानं फणफणत होता आणि डॉक्टर आणावा की न आणावा यावर हे घराणं तो जाईपर्यंत सुपारी कातरत बसलं होतं. त्यांना वैनी नको आहे, बिनपगारी स्वयंपाकीण हवी आहे. मी त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. एवढा मान पुष्कळ झाला.

चैत्रात तू सुट्टीला आलीस, शेजारच्या वकिलांची सायकल मागून बाळीवेशीपर्यंत गेलीस, आणि तिथून ती हातात धरून चालत घरी आलीस. पानपट्टीवरचे रिकामटेकडे आणि टांगेवाले काय काय बोलले ते मला मागाहून कळलं. मी त्या लोकांकडे नीट निरखून बघितलंय. जन्मात वेशीबाहेर काही केलेलं नाही. त्यांच्यापाशी हसू फार थोडं असतं, तेच ते उगाळत बसतात.

म्हणून आता खरं काय ते लिहितो. सायकल आणल्यापासून मी रोज सकाळी तिच्यावर बसून घरून बाळीवेशीतनं प्रसूतिगृहापर्यंत जातो आणि परत येतो. धोतर, टोपी, आणि खाली मडमेची सायकल. पहिल्या दिवशी सगळा चौक गोळा झाला. "म्हातारबा, लुगडं कुटं इसरलात?" टांगेवाला म्हणाला, "क्या बाईसाब, किदर जाना?" मी घंटी वाजवली आणि कविता म्हणत पुढं गेलो. दुसऱ्या दिवशीही हेच दोन विनोद. तिसरा त्यांना सुचलाच नाही, इतकी त्यांची अक्कल. मग विणकरांच्या आळीतली अक्कम्मा दारात सूत उकलत होती, तिनं विचारलं, गाडी कुणाची? म्हटलं, लेकीची, ती सुईण आहे. ती हसली नाही. म्हणाली, "मग कवा येनार ती? माज्या सुनेचे दिवस भरत आलेत की." काल बाळीवेशीत कुणी मान वर केली नाही. टांगेवाल्यानं नुसत्या सवयीनं टांगा बाजूला घेतला. त्यांचं हसू मी संपवून ठेवलंय, वच्छला. आता या सायकलीवर कोण बसलंय हे बघायला कुणाला सवड नाही. अक्कम्माला मी तुझ्या वतीनं हो म्हटलंय, तेव्हा दसऱ्याच्या आत ये. सायकलीची बैठक पहिल्या दिवसापासून तुझ्याच उंचीला लावलेली आहे, त्यामुळं माझे गुडघे मुठींना आपटतात. त्याला मात्र तू खुशाल हस.

तुझाच,
आप्पा