वरच्या थरातले शंख

४ मार्च
बाबांना पुन्हा पत्र! कुणी विद्वान लिहितात – तुमच्या शंखांची दुसरी जात पहिलीहून वेगळी नाहीच, तिचं नाव रद्द करावं. बाबांनी पत्राची घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. जेवले नाहीत.

ते नाव आईचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी तिळाएवढ्या जीवाश्म शंखांना दिलेलं. आई जाऊन सहा वर्षं झाली, आता तेही काढायचं म्हणे. बघतेच मी!

६ मार्च
बाबांचे दोन्ही ट्रे प्रयोगशाळेत आणले. खडकाच्या खालच्या थरातले शंख एकात. वरच्या थरातले, आईच्या नावाचे, दुसऱ्यात. बाबांच्या मते हे जरा निमुळते, म्हणून जात वेगळी. प्रत्येक शंख काळ्या कार्डावर डिंकाने चिकटवलेला.

सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, कडेवर साठ बिंदू ठेवायचे. गणित लहान-मोठेपणा आणि दिशा काढून टाकतं, उरतो निव्वळ आकार. एका शंखाचा आलेखावर एक ठिपका. सारखे जवळ पडतात, वेगळे लांब. आता कोण काय बोलतो ते बघू.

११ मार्च
एकशे चाळीस झाले. मान गेली कामातून.

१३ मार्च
दोन घोळके! मध्ये स्वच्छ मोकळी जागा! बाबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "आज ही असायला हवी होती." मला रडूच आलं.

१७ मार्च
शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आलेख आणि फोटो पाहून म्हणाली, "छान आहे गं. पण दुसऱ्या ट्रेतले सगळे एकाच बाजूला का कललेत?" मी खेकसलेच तिच्यावर. मग पाहिलं. प्रत्येकाची डावी कड किंचित उचललेली. कललेला शंख निमुळता दिसणारच. आणि फोटोत तो कल गणिताला कळत नाही. मला तरी कळायला हवा होता!

बाबांची जुनी वही काढली. पहिल्या ट्रेपुढे – "चिकटवले: मी." दुसऱ्यापुढे – "चिकटवले: हिने."

आई डावखुरी होती. प्रत्येक शंख तिच्या हाताच्या कलाने बसलेला.

१८ मार्च
काही लिहवत नाही.

२४ मार्च
ओल्या कुंचल्याने डिंक सोडवून सगळे शंख सपाट बसवले. पुन्हा फोटो, पुन्हा बिंदू. एकच घोळका. पत्र लिहिणाऱ्याचं खरं आहे. मीच बाबांना आशा लावली, आता कोणत्या तोंडाने सांगू? न सांगता गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटली.

२५ मार्च
सांगितलं. बाबांनी दुसरा ट्रे पुढे ओढला. मग पेन मागितलं आणि त्याच्या चिठ्ठीवरचं आईचं नाव स्वतःच खोडलं. मी म्हटलं, तो पहिला आलेख फाडून टाकते.

"नको, मला दे," म्हणाले. "त्यातले हिचे ठिपके कोणते, तेवढं दाखव."