कोबाल्टचा ड्रम वैशालीच्या हवाली

मी, प्रियदर्शिनी जयवंत ओव्हाळ, वय एकसष्ट, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, राहणार मुठा, तालुका मुळशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. झोप मात्र नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि मागच्या शेडमध्ये ड्रम भरलेला आहे.

१. घर व शेड माझी भाची वैशाली हिला द्यावी. भाऊ रत्नदीप शेडला नेहमी ‘ताईची भातुकली’ म्हणत आला. त्याला इथे बंगला बांधायचा आहे. तो त्याने दुसरीकडे बांधावा. आईचं शिवणयंत्र मात्र त्याचंच. आईने त्यावर माझा कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर शिवला आणि उरलेल्या कापडातून त्याची चड्डी. ती घालून तो शाळेच्या फाटकापर्यंत मला सोडायला यायचा. तेवढं त्याने विसरू नये.

२. ठेवींतून आधी ड्रमचा खर्च भागवावा, उरेल ते वैशालीचं.

३. आता ड्रम. कारखान्यांतले उत्प्रेरक निकामी झाले की खड्ड्यात पुरतात. त्यातला कोबाल्ट तीव्र आम्लाशिवाय परत मिळवावा, एवढ्यासाठी मी ही शेड चालवली. युरिया आणि कोलीन क्लोराईड या दोन कोरड्या पावडरी एकत्र तापवल्या की त्यांचा द्रव होतो, आणि तो कोबाल्ट विरघळवून घेतो. नुसता द्रव फारसा घातक नाही. कोबाल्ट विरघळलेला, ड्रममधला आहे.

शेजारी हैबतरावांनी शेडमध्ये पोती जाताना पाहिली. म्हणाले, “युरिया भाताचा, दुसरी पावडर कोंबड्यांच्या खाद्यातली. मग ह्यात वाईट काय हाय, मॅडम? एक बादली द्या, खाचरात टाकून बगतो.”

“हैबतराव, त्यात कोबाल्ट आहे.”

“त्ये कंचं खत?”

तेव्हा मी हसले. त्यानंतर रात्री डोळे मिटले की खाचरातून ओढ्याकडे निघालेलं निळं पाणी दिसतं.

वैशालीने ड्रम माझ्या जुन्या प्रयोगशाळेत न्यावा, तिथल्या लोकांकडून कोबाल्ट वेगळा काढून घ्यावा आणि उरलेलं घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावं. ती येईपर्यंत चावी हैबतरावांकडे राहील. भीती वाटते, पण वीस वर्षं माझ्या घरावर त्यांचंच लक्ष आहे. त्यांना साक्षीदार केलं ते हे कलम त्यांच्या कानावर पडावं म्हणूनच.

ठिकाण: मुठा. दिनांक: १४ मे २०२५.
सही: प्रियदर्शिनी ज. ओव्हाळ

साक्षीदार:
१. डॉ. हेमलता रणपिसे, पौड. (सही)
२. हैबतराव ढमाले, मुठा. (सही)

हैबतरावांनी सहीखाली लिहिलेला मजकूर:
समदं वाचून दाखवलं, कळलं. पन चावी माझ्याकडं नको. लावणीच्या टायमाला युरिया मिळंना झाला की माझाच मला भरवसा न्हाई. चावी आत्ताच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली हाय.