दोन नंबरची केबल

परतवाडा,
१४ सप्टेंबर २०१४

प्रिय रुबीना,

तुझा खुशालकाका जिवंत आहे आणि तुझ्यावर रागावलेला आहे, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळं लिहिता येईल. तू माझा फोन उचलत नाहीस. दिवसाले तीन-तीन करत होतो, मान्य. पण मी काय गप्पा हाणाले करत होतो का?

रिटायर होऊन अडीच महिने झाले. निरोपाच्या दिवशी तुम्ही शाल दिली, नारळ दिला, साहेबांनी भाषणात माझं नाव चुकवलं, माझ्या खुर्चीवर तू बसलीस, सारं रीतीनं झालं. फक्त आपल्या पाऊस-नोंदीच्या ऑफिसातल्या स्टोरेजच्या अलर्ट-यादीतून माझा मोबाइल नंबर काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. मीही आठवण दिली नाही, खोटं काहून बोलू? सर्व्हरपासून त्या स्टोरेजच्या पेटीपर्यंत दोन केबल, एक गेली तर दुसरी आहेच. आणि कोणतीही बंद पडली की मेसेज. इथं मी बाजारात वांगी निवडत असलो तरी खिशात टुंग व्हायचं. दोन नंबरची लिंक डाउन! वांगी तशीच काट्यावर सोडून मी तुले फोन लावायचो, की पोरी, झाडताना जाईबाईचा झाडू लागला असेल, केबल दाबून पाहा. दर वेळेस तेच निघायचं. भाजीवाला मले ओळख देईनासा झाला. शकुन म्हणे, नोकरी सुटली पण माझी सवत काही सुटून नाही राहिली.

दर सोमवारी सकाळी नऊले तर पेटी आपणहून कळवते, बाकी काही नाही, मी चालू आहे एवढंच. तो मेसेज आल्याशिवाय मी चहा घेत नव्हतो.

मग मेसेज बंद झाले. पहिले तीन दिवस मी गल्लीभर सांगत फिरलो, रुबीनानं ऑफिस सुधरवलं, माझ्या हाताखालची आहे. पण सोमवारही कोरडा गेला अन् माझा चहा तसाच राहिला. पेटीत काय आहे ते तुले सांगायले नको. तीनशे गावांच्या पावसाचे पंधरा वर्षांचे रोजचे आकडे. यंदा पावसानं टांग मारली, दोनदा पेरूनही कपाशी गुडघ्याले लागली नाही, आणि दुष्काळाच्या यादीत कोणतं गाव बसेल ते याच आकड्यांवर ठरणार. महिनाअखेरीले यादी वर जाते. ऐन वेळी पेटी बोललीच नाही तर लोकांनी आभाळाकडे बोट दाखवून पुरावा द्यायचा का? मंगळवारी सकाळची एस.टी. धरली. शकुननं डब्यात दोन धपाटे जास्त टाकले, सवतीच्या नावाचे.

अकोल्याले ऑफिसात पोचलो तर तू जेवायले गेलेली. शिपाई नत्थुजीनं पेटीच्या खोलीचं दार उघडलं. सारे दिवे हिरवेगार! पेटीवर हात फिरवला तर चांगली गरम, माणसासारखी. नत्थुजी सरळ माणूस, त्यानं सांगून टाकलं की मॅडमनं तुमचा नंबर काढला, लय तरास देत होते म्हणे. मले इतकं वाईट वाटलं रुबीना, की चारही धपाटे मी तिथंच बसून एकट्यानं खाल्ले. अन् तू यायच्या आत निघून आलो. नत्थुजीले शपथ घातली होती, पण त्यानं तुले सांगितलंच असेल.

आता जे त्यानं सांगितलं नाही, ते. धपाट्याचा तुकडा पडला म्हणून मी कपाटामागं वाकलो, अन् पाहतो तर दोन्ही केबल एकाच नेटवर्क स्विचच्या डब्यात खोचलेल्या. खोचणारा मीच! २००९ च्या मे महिन्यात ऑफिस हललं, तेव्हा दुसऱ्या स्विचाचा प्लग काढून मी तिथं कूलर लावला होता. उद्या लावतो म्हटलं अन् पार विसरलो. कूलर भंगारात गेला, स्विच अजून बंदच आहे, आणि मी पाच वर्षं छाती ठोकून सांगत राहिलो की आपले रस्ते दोन आहेत. तो एक स्विच गेला तर दोन्ही रस्ते एकदम बंद. अलर्टही त्यातूनच बाहेर पडतो, म्हणजे मेसेज ना तुले येणार, ना कोणाले. नत्थुजीसमोर लाज वाटली, तोंड उघडलं नाही. बारा दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. फोन उचलला असतास तर मी पुन्हा बढाईच मारली असती, म्हणून हे पत्र. वाचताच दुसरा स्विच चालू कर अन् दोन नंबरची केबल त्यात लाव. साहेबांले चूक माझ्या नावानं सांग, आणि या वेळी नाव बरोबर घ्यायले लाव. माझा नंबर यादीत परत टाकू नको, काढला ते बरोबरच केलंस. फक्त केबल लागली की सोमवारी नऊले एक मिस कॉल दे. मी उचलणार नाही. चहा टाकायले सांगीन.

तुझाच, रागावलेला नसलेला,
खुशालकाका