हॉल मोठा दिसला पाहिजे

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २००८

शी! आज सकाळी चहा पिताना आपलाच हॉल नीट पाहिला आणि चहा जाईना. पांढरीफटक ट्यूबलाइट. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकचा गुलाब, पाकळ्यांवर वाळूचा थर. तपकिरी सोफा, त्याची स्प्रिंग टोचते म्हणून गादीखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा. नऊ वर्षं या घाणीत बसून मी जेवलो.

पाहायचं कारण असं की स्मिताने जाहीर केलंय, जानेवारीत हळदीकुंकू आपल्याकडे. दुबईत आल्यापासून ती दरवर्षी दुसऱ्यांच्या घरी जाते आणि वाण घेऊन येते. आपल्याकडे कधी कोणाला बोलावलं नाही, हॉलची लाज वाटते म्हणून. "या वर्षीच करायचं," म्हणाली. या वर्षीच का, ते मी विचारलं नाही. बायकांच्या लहरी. पंचवीस जणी येणार. तिचं म्हणणं, पडदे धुवू आणि दोन सतरंज्या आणू.

सतरंज्या! अल मनखूलच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो म्हणून काय धर्मशाळेत राहतो?

संकल्प: हॉल मी सजवणार. कमी खर्चात, पण क्लास. एका वेबसाइटवर सगळं वाचून काढलंय. मुख्य तत्त्व एकच, हॉल मोठा दिसला पाहिजे. वेळही आहे. दिवाळीपासून साडेपाचला घरी येतोय. माझं काम झटपट उरकतं हे ऑफिसच्या लक्षात आलेलं दिसतं.

मंगळवार, २ डिसेंबर

नॅशनल डेची सुट्टी. टीव्हीमागची भिंत रंगवली. वेबसाइट म्हणते एक भिंत वेगळ्या रंगाची हवी. डब्यावर रंगाचं नाव डेझर्ट सनसेट. पेंटर बोलावणं म्हणजे पैशाची नासाडी, म्हणून स्वतः रंगवली.

वाळल्यावर रंग कच्च्या मटणासारखा दिसतो. थोडा. मिहिका शाळेचं पुस्तक घेऊन आली, भिंत बघून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ वूंड." चौदा वर्षांच्या मुलीला रंगातलं काय कळणार. स्मिताने फक्त विचारलं, घरमालकाला विचारलंत का?

ऑफिसमधल्या लोकांसारखीच सवय, आधी अडचणी.

गुरुवार, ४ डिसेंबर

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसच्या मजल्यावर आता टाचणी पडली तरी ऐकू येते. मंदीत आणखी चार जण गेले. मला वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर भरती करतानाच चूक झाली होती. एचआरच्या रशीदा मॅडम खास माझ्या टेबलाशी आल्या. जमा रजा किती, आणि घरचा जवळचा एअरपोर्ट मुंबई की पुणे, असं विचारलं. म्हणजे पुण्याला ब्रांच उघडणार. मला पाठवायचा विचार दिसतो. मी मोघम हसलो. इतक्यात कोणाला सांगायचं नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

ईदची सुट्टी. सोफा मिळाला!

मुरलीधर चाललाय. आपल्या महाराष्ट्र मंडळाचा, अकरा वर्षं इथे होता. नोकरी गेली, गुरुवारचं विमान. सगळं घर विकायला काढलंय. क्रीम रंगाचा एल आकाराचा सोफा, वेबसाइटवर आहे अगदी तसा. तो बाराशे दिरहम म्हणत होता. मी बसलो, उठलो, दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं. सोफ्याच्या हातावर पिवळा डाग निघाला. बोटांचे ठसे, पुसून पसरलेले. मी म्हटलं, हे काय? त्याची बायको अनुराधा म्हणाली, हळदीचा डाग आहे, मागच्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू होतं ना, तेव्हाचा. निघतच नाही.

त्या डागाचे मी चारशे कमी केले. आठशे दिरहम. म्हणजे साडेदहा हजार रुपये. फुकट! मुरलीधर जरा अडला तेव्हा मी शांतपणे एवढंच म्हणालो, "घेणारा मी एकटाच आहे, बघा." व्यवहारात शब्द मोजकेच वापरावेत.

अनुराधाने चहा दिला, कागदी कपात. भांडी विकून झाली होती. टेबलही गेलं होतं, म्हणून कप जमिनीवरच ठेवून आलो. काय ती अवकळा. माणसाने थोडं प्लॅनिंग करावं.

मंगळवार, ९ डिसेंबर

सोफा लिफ्टमध्ये जाईना. पिकअपवाला 'खलास, खलास' म्हणत निघालाच होता. जास्तीचे पैसे देऊन जिन्यातून पाचव्या मजल्यावर आणवला. आता स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडतं. तिरकं होऊन जावं लागतं. स्मिता तिरकी होऊन जाते. सवय होईल.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सोफ्याला वास येतो. कसला ते कळत नव्हतं, म्हणून फटीत हात घातला. एक मोजा. वितळून परत घट्ट झालेलं चॉकलेट, त्याला चिकटलेले केस. कापलेली नखं! आणि एक तिळाचा लाडू, गेल्या संक्रांतीचा, दगड झालेला. मला ओकारी आली. लोक कसे राहतात! स्मिताने लाडू हातात घेतला, बराच वेळ बघितला, म्हणाली हा अनुराधाच्याच हातचा. मी म्हटलं आधी हात धू.

डागावर उशी ठेवलीय. आता दिसत नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अबू धाबीला, खलिफा सिटीत गेलो. स्मिताची मैत्रीण सुनेत्रा. तिच्या नवऱ्याचा पगार निम्मा झाला, व्हिला सोडून शारजाला वन बेडरूममध्ये चाललेत. पडदे आणि मोठा आरसा घेतला. सुनेत्रा पडदे घडी करताना नको इतका वेळ लावत होती. मला परतीच्या ट्रॅफिकची काळजी.

व्हिलाचे पडदे लांब, म्हणून कापले. डावा थोडा जास्त कापला गेला. उजवा त्याच्याएवढा करायला गेलो तर तो आणखी आखूड झाला. आता दोन्ही पोटरीपर्यंत येतात. कॅज्युअल लुक.

आरसा खिडकीसमोर लावला. वेबसाइट म्हणते, जागा दुप्पट दिसते. समोरच्या बिल्डिंगमधला एक इसम बनियनवर बाल्कनीत दात घासतो आणि खाली थुंकतो. तो आता दुप्पट दिसतो. जेवताना पाठ फिरवून बसलो तरी समोर तोच. किळसवाणा प्रकार! आरसा मात्र उत्तम आहे.

मंगळवार, ६ जानेवारी २००९

ऑफिसमध्ये माझा दुसरा मॉनिटर काढून नेला आणि मला प्रिंटरशेजारी बसवलं. मजल्याच्या अगदी मध्यभागी. सगळ्यांवर लक्ष राहतं. सगळे म्हणजे आता सहा.

हॉलला पिवळे दिवे लावले. उबदार वाटतं. वरणभात, भेंडी आणि मिहिकाचा चेहरा एकाच रंगाचे दिसतात. ती आता बेडरूममध्येच जेवते. "इट्स क्रीपी," म्हणाली.

शुक्रवार, १६ जानेवारी

भांडण. स्मिताने विचारलं, पंचवीस जणी बसणार कुठे? सोफ्यावर सहा बसतात, उरलेली जागा सोफ्यानेच खाल्लीय. मी म्हटलं पाळीपाळीने. सहा-सहाच्या बॅचेस, पंधरा-पंधरा मिनिटं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो थुंकणारा इसम. सोफा एक दिवस बाहेर काढू, सतरंज्या घालू, म्हणाली. सोफा बाहेर! मग केलं कशासाठी हे सगळं? लोकांना दिसायला नको?

तेव्हा ती म्हणाली, "मला हॉल दाखवायचा नाहीये. मला बायका बोलवायच्यात."

नऊ वर्षं संसार परदेशात करूनही माणसाची नजर कशी मोठी होत नाही, याचा खरंच वीट येतो. सोफा हलणार नाही. नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

यादी बारावर आली. जागा नाही म्हणून नव्हे, स्मिता म्हणाली. बाकीच्या भारतात परत गेल्या.

चला, दोनच बॅचेस.

गुरुवार, २९ जानेवारी

रशीदा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याच्या ब्रांचचंच असणार म्हणून टाय घट्ट केला. ब्रांच नाही. एक महिन्याची नोटीस. वन वे तिकिटं मुंबईची की पुण्याची, तेवढंच पक्कं करायचं होतं. मी पुणे म्हणालो.

कंपनीचं नुकसान आहे. मी नसेन तेव्हा कळेल.

घरी बोललो नाही. उद्या हळदीकुंकू. स्मिता वाटीवाटीत तीळगूळ भरत बसली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत होती. मी उठून खिडकी उघडली. तो रंगाचा वास, अजून जात नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

बायका आल्या. मला आणि मिहिकाला बेडरूममध्ये बसवलं. मी दाराला कान लावून होतो, कौतुक ऐकायला. भिंतीबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. आधी पडद्यांबद्दल सुनेत्राचा आवाज आला. हे माझे ना गं, म्हणाली. कोणाला तरी जागा करून देताना उशी उचलली गेली असावी, कारण एकदम कोणीतरी म्हणालं, "अगं, ही अनुराधाची हळद." आणि मग रडणं. एकीचं नाही, सगळ्यांचं. मिहिकाने कानातले हेडफोन काढले.

मी घाबरून दार उघडलं. बाराच्या बारा जणी जमिनीवर, एकमेकींना खेटून, सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या बोळात. सोफ्यावर कोणीच नाही. सुनेत्राने डोळे पुसून सोफ्याच्या हातावर हात टेकला होता. तिथे दुसरा पिवळा डाग. शी, असं तोंडात आलं होतं. बाहेर पडलं नाही.

सगळ्या गेल्यावर मी स्मिताला नोटिशीचं सांगितलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. ती वाट्या गोळा करत होती. म्हणाली, "दिवाळीपासून तुम्ही साडेपाचला घरी येताय. आधी नऊला यायचात. मला कळत नाही का? म्हणून तर म्हटलं, या वर्षीच."

मी तिला वाट्या उचलायला मदत केली. स्वयंपाकघरात तिरका होऊन गेलो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठी लावली होती: टेस्टफुल हॉल, संपूर्ण विकणे. आज एकजण आला. नाशिकचा पोरगा, शर्ट इस्त्रीचा. सोफ्यावर बसला, उठला, दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं. हे डाग कसले, म्हणाला. मी सांगितलं, हळदीचे आहेत, आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्याने डागांचे पैसे कमी केले. दोन डाग, दोनदा. मी जरा अडलो तर शांतपणे म्हणाला, "काका, घेणारा मी एकटाच आहे."

दिला. आरसा, पडदे, पिवळे दिवे सगळं वर घातलं. स्मिताने त्याला कागदी कपात चहा दिला. तो कप जमिनीवर ठेवून गेला. मीच उचलला. मुरलीधरला फोन करावा असं वाटलं. नंबर होता. केला नाही.

भिंतीला पांढऱ्या रंगाचे दोन कोट दिले, घरमालक डिपॉझिट अडवतोय म्हणून. तरी खालचा लाल दिसतोच.

संध्याकाळी सतरंजीवर बसून तिघं जेवलो. सतरंजी स्मिताने आणलेली, नोव्हेंबरातच, माझ्या नकळत. मी इकडेतिकडे पाहून म्हटलं, हॉल मोठा दिसतो नाही? मिहिका म्हणाली, "येस बाबा." स्मिताने आमटी वाढली आणि म्हणाली, आता पंचवीस जणी आरामात बसल्या असत्या.